कांदिवली ते पालीताणा : मधुमेही यात्रिकाची शिदोरी

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की कांदिवली पश्चिमेच्या संध्याकाळचे रूप बदलू लागते. महावीर नगर, शंकर गल्ली, इराणीवाडी, दहाणूकरवाडी या भागांतील इमारतींच्या फाटकांशी पिशव्या आणि खाखऱ्यांचे डबे घेऊन कुटुंबे उभी राहतात. लिंक रोडवर मेट्रोच्या पुलाखाली रात्रीच्या शयनयान बसगाड्या थांबतात. काही मंडळी शेजारच्या बोरिवली स्थानकावरून भावनगरची गाडी पकडतात. चातुर्मासात शत्रुंजय गिरिराजाची यात्रा बंद असते. ती कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते आणि चार महिने थांबलेली पावले पालीताण्याकडे वळतात.

या प्रवाशांत साठीच्या आसपासची माणसे बरीच असतात. त्यांपैकी अनेकांचा जन्म गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतल्या चाळींत झाला. कुटुंब वाढले, जागा अपुरी पडली आणि घर उपनगरात आले. गादी मात्र मंगळदास मार्केटमध्ये, मशीद बंदरला किंवा झवेरी बाजारातच राहिली. तेव्हापासून सकाळी कांदिवलीहून तीस किलोमीटरांहून अधिक अंतर लोकलने जायचे, दिवसभर बैठकीवर बसायचे आणि सूर्यास्ताच्या आत चौविहार उरकण्यासाठी दुकानातच डबा उघडायचा, असा पस्तीस-चाळीस वर्षांचा क्रम आहे. सोबत फरसाण, मिठाई आणि दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा. या जीवनक्रमातून मधुमेह घराघरांत आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे चाळीस जणांची बस कांदिवलीहून निघते तेव्हा तिच्यात मधुमेही यात्रिक असणार, हे गृहीत धरूनच यात्रेची आखणी व्हायला हवी.

प्रत्यक्षात मात्र बसमधील कोणाला मधुमेह आहे, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. व्यापारी घरात आजार झाकण्याची जुनी सवय आहे. मुलामुलींच्या विवाहाच्या बोलण्यांत अडथळा नको, बाजारात दुबळेपणा दिसायला नको आणि संघात 'यांना झेपणार नाही' असे कोणी म्हणायला नको. गोळ्यांची पट्टी खिशात राहते आणि यात्रा सुरू होते.

तासांचा हिशेब

हिशेबाची सवय असलेल्या समाजाने यात्रेतील तासांचाही हिशेब एकदा मांडून पाहावा. शुक्रवारी संध्याकाळी कांदिवली सोडायची, सुमारे सातशे किलोमीटर अंतर रात्रभर कापून शनिवारी सकाळी पालीताणा गाठायचे, रविवारी पहाटे डोंगर चढायचा, संध्याकाळी परतीची बस धरायची आणि सोमवारी दुकान उघडायचे, असा अनेक व्यापारी कुटुंबांचा बेत असतो.

कार्तिकात पालीताण्यात सूर्य सहा वाजून गेल्यावर लवकरच मावळतो. शनिवारी चौविहार करणाऱ्याचे शेवटचे अन्न आणि शेवटचे पाणी पावणेसहाच्या सुमारास होते. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सातच्या थोडा आधी आणि नवकारशी त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे साधारण पावणेआठला. घरी असतानाही हे अंतर जवळजवळ चौदा तासांचे असते. कांदिवलीतल्या मधुमेही श्रावकाच्या शरीराला आणि औषधाला ते सवयीचे झालेले असते.

यात्रेच्या दिवशी मात्र पावणेआठ वाजता तो डोंगरावर असतो. गिरिराजावर अन्न घेत नाहीत. पहाटे साडेपाचला तळेटीवरून निघालेला यात्रिक दर्शन-पूजा करून साडेबाराच्या सुमारास खाली उतरतो. म्हणजे अन्नाचे अंतर चौदा तासांवरून पावणेएकोणीस तासांवर गेले. या लांबलेल्या उपवासातच साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या चढून उतरायच्या असतात. उपवास लांबला आणि त्याच वेळी श्रम अनेक पटींनी वाढले, असा हा दुहेरी भार आहे. घरचा चौविहार आपण वर्षानुवर्षे सहज करतो, तेव्हा यात्राही सहज होईल, या समजुतीतील चूक इथे आहे.

औषधाचा स्वभाव

मधुमेहाची सगळी औषधे एकसारखी नसतात. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या पाहत नाहीत. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचेही तसेच आहे. ही औषधे नेहमीच्या मात्रेत घेऊन जो दीर्घकाळ उपाशी राहतो आणि डोंगर चढतो, त्याची साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर किंवा ग्लिप्टिन वर्गातील गोळ्यांवर असलेल्याला हा धोका बराच कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर शरीरातले पाणीही जाते. चौविहारात पाणीही वर्ज्य असल्याने ही औषधे घेणाऱ्याच्या शरीरात पाण्याची तूट पडते. लांबलेल्या उपवासात रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा धोकाही त्यांच्यामुळे वाढतो. डोंगरावर स्वच्छतागृहाची अडचण होईल म्हणून पुष्कळ स्त्रिया दिवसाही पाणी कमी पितात. त्यांनी तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

म्हणून यात्रेच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी आणि 'यात्रेला जातो आहे' एवढेच न सांगता तासांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा : शेवटचे जेवण किती वाजता, पुढचे किती वाजता, मध्ये किती चढण, पाणी घेणार की नाही. मात्रा किती कमी करायची, कोणती गोळी कोणत्या दिवशी बंद ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याची मात्रा पाहून आपली ठरवणे जेवढे घातक, तेवढेच स्वतःच्या मनाने सगळी औषधे थांबवणेही घातक आहे. औषध थांबले तर साखर उलट बाजूने चढते.

रमझानच्या उपवासासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने आपल्या सहयोगी संस्थेसह २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. उपवास करणाऱ्यांचे जोखमीनुसार वर्ग पाडणे, काही आठवडे आधी तपासणी करणे, उपवासातही साखर मोजत राहणे, आणि ती ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास सोडणे, ही तिची मुख्य सूत्रे आहेत. रमझान आणि चौविहार यांच्या वेळा नेमक्या उलट असल्या, तरी शरीराचा नियम एकच आहे. जैन यात्रिकाने डॉक्टरांशी बोलताना ही सूत्रे समोर ठेवायला हरकत नाही.

व्रतातच ठेवलेली वाट

मधुमेही श्रावकाच्या मनातील खरी अडचण पुष्कळदा वैद्यकीय नसते. रात्री दोन वाजता घाम फुटला, हात थरथरू लागले, तरी साखर तोंडात घालायला मन तयार होत नाही, कारण चौविहाराचे पच्चक्खाण मोडेल अशी धास्ती असते. पच्चक्खाण रोज घेतले जाते. त्यातील शब्दांचा अर्थ मात्र क्वचित पाहिला जातो.

श्वेतांबर परंपरेतील चौविहाराच्या पच्चक्खाणात आगार, म्हणजे आधीच ठेवलेल्या सवलती, असतात. नकळत घडलेले आणि अचानक घडलेले यांच्याबरोबर एक आगार समाधीच्या रक्षणासाठी आहे. तीव्र पीडेत चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषधोपचार घेणे या आगारात येते. चौविहाराबरोबर तिविहार आणि दुविहार हे प्रकारही परंपरेने दिलेले आहेत. तिविहारात पाण्याची मोकळीक असते, तर दुविहारात पाण्यासह औषधही घेता येते. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माच्या बंधाची जी सोळा कारणे सांगितली आहेत, त्यांत तप आणि त्याग ही दोन्ही 'यथाशक्ती' म्हणून येतात. महाराष्ट्रातील दिगंबर घरांत सोळा कारण भावनांच्या पूजेत 'शक्तितस्तप' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारला जातो.

कोणते पच्चक्खाण घ्यावे हे निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारावे आणि विचारताना आजार लपवू नये. आपल्याला इन्सुलिन चालू आहे, साखर अमुक इतकी खाली जाते, हे त्यांना स्पष्ट सांगावे. डॉक्टरांपासून व्रत लपवायचे आणि गुरूंपासून आजार लपवायचा, या दोन लपवाछपवींच्या मध्ये माणूस अडकतो. दोघांनाही पूर्ण माहिती दिली तर दोघांचा सल्ला बहुधा एकाच दिशेने जातो.

इन्सुलिनबद्दल आणखी एक जुनी शंका काही घरांत अजून आहे. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हापासून सुमारे साठ वर्षे ते गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याला ते टोचून घेणे जड जाणे स्वाभाविक होते. १९८२ मध्ये जीवाणूंच्या साहाय्याने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि आज वापरात असलेले इन्सुलिन बहुतांशी याच पद्धतीने किंवा यीस्टच्या साहाय्याने तयार होते. त्या जुन्या शंकेपायी डॉक्टरांनी सांगितलेले इन्सुलिन टाळण्याचे कारण आता उरलेले नाही. कॅप्सूलचे आवरण मात्र अनेकदा जिलेटिनचे असते. तिथे गोळीच्या स्वरूपातील पर्याय विचारून घ्यावा.

बसमधील रात्र

कांदिवलीहून बस सुटली की सामानाचा प्रश्न येतो. औषधे, ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन गाडीच्या पोटातील सामानात कधीही टाकू नये. तिथे उष्णता वाढते आणि मध्यरात्री ते हाती लागत नाही. न उघडलेले इन्सुलिन शीतकपाटात २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साध्या खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते. तिला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. धर्मशाळेत शीतकपाट नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेले मातीचे मडके उपयोगी पडते. त्यात कुपी कोरड्या डब्यात घालून ठेवावी. औषधे दुप्पट घ्यावीत, दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत बरोबर असावी.

शयनयान बसमध्ये पडदा ओढला की आत काय चालले आहे, ते बाहेर कळत नाही. वातानुकूलित गाडीतही घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, विचित्र चिडचिड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची धडधड आणि थरथर दबून जाते. त्याच्याबाबतीत घामावर लक्ष ठेवावे. शेजारच्या बिछान्यावरच्या सोबत्याला हे माहीत असले पाहिजे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि तरीही ती खालीच असेल तर पुन्हा द्यावे. ग्लुकोज नसेल तर तीन चमचे साखर चालते. पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याला साध्या साखरेचा लवकर उपयोग होत नाही, कारण ही औषधे साखरेचे पचनच मंद करतात. त्याच्यासाठी ग्लुकोजच हवे. पेढा किंवा सुखडी देऊ नये, कारण तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकाला फोन करावा.

गिरिराजावर

पहाटे तळेटीवर पोहोचल्यावर पहिले पाऊल टाकण्यापूर्वी साखर मोजावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल आणि आकडा ९० पेक्षा कमी असेल, तर काही न घेता चढू नये. साखर २५० च्या वर असून लघवीत कीटोन असतील तर त्या दिवशी डोंगर टाळावा आणि तळेटीवर चैत्यवंदन करून समाधान मानावे. चढताना हिंगळाजच्या हड्यासारख्या उभ्या टप्प्यांवर दम लागतो. विसाव्याच्या जागी बसावे आणि पाण्याची मोकळीक असेल तर परबेवर उकळलेले पाणी घ्यावे. डोली करण्यात कमीपणा नाही. पुष्कळ वृद्ध यात्रिक चढताना डोली घेतात आणि उतरताना पायी येतात. गुडघे दुखरे असतील तर याच्या उलट करावे.

पायांची काळजी हा मधुमेहीसाठी वेगळा विषय आहे. कातड्याची पादत्राणे यात्रेत नसतात आणि बरेच जण अनवाणी चढतात. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना बोथट होते. दुपारी आदिनाथ दादांच्या टुंकेत उन्हाने तापलेल्या फरशीवर इतर माणसे चटका बसताच पाय उचलतात. संवेदना गेलेल्या पायाला मात्र फोड आला तरी कळत नाही आणि त्या फोडाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. चढता-उतरताना जाड कापडी मोजे किंवा कॅनव्हासचे बूट वापरावेत, पूजा ऊन चढण्यापूर्वी आटोपावी आणि खाली आल्यावर दोन्ही तळवे घरच्या माणसाकडून उजेडात पाहून घ्यावेत.

उतरल्यावर

उतरलेल्या यात्रिकाचे स्वागत तळेटीवर भाथ्याने होते. त्यात गोडही असते. उपाशी आणि थकलेल्या शरीराला थोडे गोड चालते, पण आधी साखर मोजावी. भोजनशाळेत आणि साधर्मिक भक्तीच्या जेवणात आग्रह हा प्रेमाचाच भाग असतो. वाढणाऱ्याला 'मधुमेह आहे' असे दोन शब्दांत सांगितले तर त्याचा अपमान होत नाही. आठम-चौदशीला हिरव्या भाज्या वर्ज्य असल्या की ताटात पोळी, भात आणि मिष्टान्न यांचाच भर पडतो. त्या दिवशी मुगाचे वरण आणि कढण जास्त घ्यावे, भात कमी. कांदिवलीहून नेलेले खाखरे, भाजलेले चणे आणि शेंगदाणे इथे कामाला येतात.

सगळ्यात मोठी सावधगिरी मात्र परतीच्या रात्री हवी. डोंगर चढल्यावर स्नायू पुढचे चोवीस तासही रक्तातून साखर ओढत राहतात. यात्रा झाली, आता झोपायचेच आहे, असे समजून नेहमीची मात्रा घेऊन, घाईघाईत चौविहार उरकून जो पडदा ओढून झोपतो, त्याची साखर पहाटे उतरण्याची शक्यता इतर कोणत्याही रात्रीपेक्षा जास्त असते. त्या संध्याकाळचे जेवण पोटभर असावे, मात्रा डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे कमी असावी, झोपण्यापूर्वी साखर मोजावी आणि मध्यरात्री सोबत्याने एकदा जागे करावे. जमत असेल तर सोमवारचे दुकान मुलावर सोपवून ती रात्र धर्मशाळेतच काढावी.

ज्यांना ही यात्रा एकदम अवघड वाटते, त्यांनी महाराष्ट्रातील तीर्थांपासून सुरुवात करावी. कुंभोजचा बाहुबली किंवा नाशिकजवळचे गजपंथ यांची चढण काही शे पायऱ्यांची आहे. आपले शरीर आणि औषध श्रमाला कसा प्रतिसाद देतात, हे तिथे समजते. मांगीतुंगीची चढण हजारो पायऱ्यांची असल्याने ती नंतर घ्यावी.

संघ काढणाऱ्यांनीही आपल्या कामात एक भर घालावी. नावे नोंदवताना प्रत्येकाकडून आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक बंद पाकिटात घ्यावा आणि प्रत्येक गाडीत ग्लुकोमीटर, ग्लुकोज आणि ते वापरता येणारे दोन जण ठेवावेत. कांदिवलीत डॉक्टरांची आणि औषधविक्रेत्यांची संख्या पाहता एवढी तयारी एका संध्याकाळी होऊ शकते. पाण्याच्या कॅनची आणि प्रसादाची यादी जो संघ बारकाईने करतो, त्याला ही यादी जड नाही.

सोमवारी सकाळी बस पुन्हा लिंक रोडवर येते. मोजलेल्या साखरेचे आकडे वहीत लिहिलेले असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टर त्यांवरून फागण तेरसच्या छ गाऊ यात्रेचा विचार करता येईल की नाही, ते सांगू शकतात. मधुमेह असलेल्या श्रावकासाठी गिरिराज बंद झालेला नाही. घरच्यांना, डॉक्टरांना, गुरूंना आणि शेजारच्या बिछान्यावरच्या सोबत्याला आपला आजार ठाऊक असला, तर ही वाट त्याच्यासाठीही मोकळी आहे.